डावरी

"वस्ताद, उजवीकडं वळवली तरी ही डावाच पाय पुढं टाकती." शिकाऊ स्वारानं छडी उचलली.

"छडी टाक. जन्माची डावरी हाय ती. तिच्या कलानं घे, तूच तसं बसायला शीक." वस्ताद घोडीची मान कुरवाळत म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोच्या जिवाची आग झाली. एक वेळ सवत परवडली असती. नवी नवरी असताना तिनं डाव्या हातानं भाकरी वाढली, म्हणून याच माणसानं तिचा हात महिनाभर पाठीशी बांधला होता. बावीस वर्षं ती उजव्यानंच वाढत आली. घोडीला येऊन आठवडाही झाला नव्हता.

दुपारी तिनं डाव्या हातानं भाकरी वाढली.

"हा कुठला हात?" वस्तादांनी विचारलं.

"माझा," ती म्हणाली, आणि कालवणही त्याच हातानं वाढलं.