फ्लेक्सवरची जागा

"माझंच तोंड का कापलं?" टॉवरमधला शार्दूल वस्तीच्या नाक्यावर ओरडला. लंब्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांची ताटलीएवढी तोंडं रांगेत होती. शार्दूलच्या जागी गोल भोक होतं. "बिल्डिंगवाला म्हणून ना?"

"मीच कापलं," लंब्या म्हणाला. "काल टॉवरच्या पोरांना धुताना आमच्याबरोबर तूपण होतास. पोलीस फ्लेक्स बघून पोरं उचलतायत. आम्हाला सवय आहे. तुझी दहावी आहे, भावा. घरी जा."

"तुझी नाही?"

"माझी दरवर्षी असते."

शार्दूल घराकडे निघाला, थांबला, परत फिरला.

हवालदार आले तेव्हा फ्लेक्सवर सगळी तोंडं जागेवर होती. त्यातलं एक घामाघूम झालं होतं, आणि फ्लेक्सखाली महागडे बूट दिसत होते.