कोरं आभाळ

चित्रापुढे उभ्या माणसाची नजर जिथे रेंगाळते, तिथे, शेजारच्या पडद्यावर दिसणाऱ्या त्याच चित्रात, लाल ठिपका उमटतो. कलासंग्रहालयातल्या एका होडीच्या चित्रापुढे हे यंत्र मी बसवलं, आणि पहिल्याच संध्याकाळी मावशीला काय सांगावं ते मला कळेना. खराब झालेली चित्रं ती दुरुस्त करते. या चित्रातलं आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं होतं. वर्षभर खपून तिने ते सांधलं होतं.

पडद्याकडे पाठ करून ती म्हणाली, "सांग एकदाचं."

"मावशी, वाईट वाटून घेऊ नकोस. होडीवर ठिपके आहेत, नावाड्याच्या चेहऱ्यावर तर नुसती गर्दी. पण तुझ्या आभाळाकडे कुणी बघतच नाही गं."

"एकही ठिपका नाही? नीट बघ."

"एकही नाही."

ती मटकन बाकावर बसली आणि डोळे पुसत हसायला लागली. "अगं वेडे, सांधा दिसला असता तर सगळे तिथेच अडकले असते!"

मी चित्राच्या अगदी जवळ गेले. ते फाटलेलं मी स्वतः पाहिलं होतं, जागा मला पाठ होती. तरी नजरेला थांबायला काही सापडेना. वळून पाहिलं, तर पडद्यावरचं आभाळ तसंच कोरं होतं.