बंदर न सोडणारी

"तीन, दोन, एक," विराज म्हणाला आणि दोघांनी एकदमच बटण दाबलं. शलाकाने परदेशात, डीमन गावातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, विराजने नाशिकच्या घरी.

आठ दिवसांसाठी आई-वडिलांना भेटायला म्हणून मार्चमध्ये गेलेला तिचा नवरा सप्टेंबर उजाडला तरी तिकडेच अडकला होता. साथीमुळे विमानं पुन्हापुन्हा रद्द होत होती. तेव्हापासून दुपारी जेवताना दोघं असा अर्धा तास सिनेमा बघत. लॅपटॉपवर सिनेमा मोठा, कोपऱ्यात विराज छोटा.

या आठवड्यात जुना जपानी युद्धपट चालू होता. नवरा नौदलात अधिकारी, नवी नवरी बंदराच्या गावी. आता तो तिला सांगत होता, इथे बॉम्ब पडतील, तू डोंगरात माझ्या आईकडे जा. ती चहा ओतता ओतता नुसती मान हलवत होती. नाही म्हणून.

"बघ किती हट्टी. अगदी तुझ्यासारखी."

"शहाणी आहे. डोंगरात बसून बोट आलेली दिसते का?"

विराज हसला. आज आवाज जराही अडकत नव्हता. "गुरुवारच्या विमानाचं काय ठरवलंस?"

"नाही येणार म्हटलं ना."

"कंपनी मला इथूनच काम कर म्हणतेय. वर्षभर तरी. तू एकटी तिथे काय करणार?"

"लायडनला जाणार. पुढच्या सोमवारपासून लॅबमध्ये. चार वर्षं पिपेट हातात धरलेला नाही मी, विराज. तुझ्यामागे इथे आले तेव्हा सोडला. आता कुठे परत धरतेय, तर म्हणतोस बॅग भर."

"नोकरी काय, इथेही मिळेल. घराच्या किल्ल्या मालकाला दे आणि ये. आई तुझ्यासाठी खोली लावून बसलीये."

"आईंना दे फोन. मीच सांगते त्यांना."

"झोपलीये. साडेतीन वाजत आले इथे."

सिनेमातला अधिकारी बोटीवर चढला. बायको धक्क्यावर ताठ उभी राहिली. तिने डोळेसुद्धा पुसले नाहीत.

विराजचा आवाज उतरला. "आठवण येते गं तुझी. खरंच."

शलाकाने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"आठवण येते तर तूच ये. गुरुवारी विमान तिकडून इकडेही येतं. मी कुठेही जाणार नाहीये."

तेवढ्यात बारा वाजले आणि बाहेर भोंगा सुरू झाला. आज महिन्याचा पहिला सोमवार. धोक्याचे भोंगे नीट वाजतात ना हे बघायला या देशात ते सगळीकडे एकाच वेळी वाजवतात.

विराजच्या कानाला त्रास नको म्हणून शलाकाने आधी आपला माइक बंद केला. सिनेमा थांबवला. मग उठून खिडकी लावली. दुहेरी काचेपलीकडे भोंगा जेमतेम ऐकू येण्याइतका उरला.

ती परत येऊन बसली. लॅपटॉपमधून तोच भोंगा खणखणीत वाजत होता. तिने पडद्याकडे पाहिलं. सिनेमा थांबलेलाच होता, तिचा माइकही बंदच होता.

"एक मिनिट हं," कोपऱ्यातला विराज म्हणाला. तो उठला आणि त्याने नाशिकच्या घराची खिडकी लावून घेतली.