डाव्या हाताला बसेल असं

दुकानदारानं काउंटरवर वायर सोलायचे तीन स्ट्रिपर मांडले आणि वायरीचा एक तुकडा वायरमनच्या उजव्या हातापुढे धरला. वायरमननं तो डाव्या हातानं घेतला.

"उजव्याच्या अंगठ्यात जोर राहिला नाही," तो म्हणाला. "मशीनखाली सापडला होता. जखम भरली, पण पकड गेली. वायर धरता येते, पक्कड दाबता येत नाही. आता वायरी सोलायच्या त्या डाव्यानंच."

शेजारी स्टुलावर त्याच्या सासूबाई बसल्या होत्या. शिवणकामात जन्म गेलेला, आणि जन्मापासून डावखुऱ्या. जावयाच्या हाताचं झाल्यापासून त्या लेकीकडेच राहायला आल्या होत्या. शर्टाची बटणं, दाढी, चमचा, किल्ली, सगळं त्याला डाव्या हातानं करायला शिकवत होत्या. आज दुकानात यायचा हट्टही त्यांचाच.

पहिला स्ट्रिपर नेहमीचा, पकडीसारखा. दुसरा मोठा, दाबला की वायरीचं प्लॅस्टिक आपोआप निघून यायचं. वायरमननं तो दाबला. तुकडा झटक्यात सोलून निघाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. दुकानदारानं पिशवी उघडली.

"थांबा हो भाऊ," सासूबाई म्हणाल्या. "उघड्यावर काय, कुणालाही जमेल. जावईबापू, तुम्ही काम कुठे करता?"

"भिंतीतल्या बॉक्समध्ये. नाहीतर पॅनलच्या मागे. हात जेमतेम जातो."

"मग तसं करून बघा. टेबलावर सरळ कापायला कोणतीही कात्री चालते. बाहीच्या मुंढ्याशी वळवली की तिचे गुण कळतात."

दुकानदाराला ते पटलं. त्यानं मागच्या रॅकजवळची खोकी बाजूला केली. रॅक आणि भिंत यांच्या फटीत एक जुना बॉक्स होता. झाकण गेलेलं, वायरी बाहेर लोंबणाऱ्या. "बंद आहे, करंट नाही," तो म्हणाला. वायरमननं तरी टेस्टर लावून पाहिला. मग अंग तिरकं करून फटीत हात घातला.

पहिल्या स्ट्रिपरचे दांडे उघडायलाच जागा नव्हती. दुसरा लांब, आत गेला, पण वळेना. तिसरा आखूड होता. तो आत गेला, वायरही सापडली, पण दाबायला गेलं की त्याची दांडे अडकवायची खिट्टी तळहाताला लागून आपोआप बंद व्हायची. वायरमननं नेट लावला. प्लॅस्टिकबरोबर आतली तांब्याची तारही तुटून आली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

त्यानं हात बाहेर काढला. कपाळावर घाम होता.

"आई, राहू द्या," तो हळूच म्हणाला. "ठेकेदार म्हणालाच आहे, गोडाऊनमध्ये बस, सामान दे-घे कर. सोमवारी तसंच सांगतो त्याला."

सासूबाईंनी उठून त्याच्या हातातला स्ट्रिपर घेतला, आपल्या डाव्या मुठीत धरला, उघडला, मिटला.

"ही खिट्टी उजव्या अंगठ्याखाली यावी म्हणून इथे बसवलीय. डाव्यात धरली की आडवी येणारच. यात तुमच्या हाताचा काय दोष?" मग त्या दुकानदाराकडे वळल्या. "भाऊ, दोन्ही बाजूंनी सारखं असेल असं काही आहे का? मुठीत मावेल एवढं. आणि वायर बाजूनं नको, समोरून सरळ तोंडात जाईल असं."

दुकानदार शिडीवर चढला. वरच्या फळीवर बराच वेळ खुडबुड केली आणि एक मळकं पाकीट घेऊन उतरला. "हे कुणी नेत नाही," तो म्हणाला. "खेळण्यातलं वाटतं लोकांना."

पाकिटातला चिमुकला स्ट्रिपर घेऊन वायरमननं पुन्हा फटीत हात घातला. वायर स्ट्रिपरच्या तोंडात शिरली, पण मनगट वाकत होतं. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्याचं कोपर आत दाबलं.

"कोपर अंगाशी. मनगट वाकवू नका, खांदा पुढे न्या. दिसत नाही तर नाही. बोटांना बघू द्या."

कट् असा बारीक आवाज झाला.

वायरमननं वायरीचं टोक ओढून उजेडात आणलं. तांबं लखलखत होतं. त्यानं नखानं बारीक तारा पसरून पाहिल्या. एकही तुटली नव्हती. त्यानं हात परत आत घातला आणि दुसरी वायर सोलली. मग तिसरी. मग उरलेल्या सगळ्या.

"अहो, पुरे!" दुकानदार हसायला लागला. "आता वायरी सोलणं म्हणजे तुमच्या डाव्या हातचा मळ!"

वायरमन फटीतून बाहेर आला. बाही धुळीनं माखली होती. "आई, तुम्ही नसता तर..." तो म्हणाला. सासूबाई त्याची बाही झटकू लागल्या. झटकण्यासारखं काही उरलं नाही तरी झटकतच राहिल्या.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा होता. "अगं..." त्यानं सुरुवात केली आणि फोन तसाच सासूबाईंच्या हातात दिला.

"आई, काय झालं? हे बोलत का नाहीत? मिळालं का काही?" पलीकडून लेक घाबरून विचारत होती.

"मिळालं, मिळालं. सगळं झकास आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी जावयाकडे पाहिलं. तो डाव्या हाताच्या पालथ्या मुठीनं डोळे पुसत होता.

"काय सांगू गं तुला," त्या म्हणाल्या, "तुझा नवरा अगदी माझ्यावर गेलाय."