सुट्टीचा मेळ

मंजुश्री बिदरच्या नौबादला राहायची आणि तिची थोरली बहीण, अक्का, उदगीरला. दोन्ही घरची लेकरं घेऊन एकदा बिदरचा किल्ला बघायचा, असं चार वर्षं नुसतं फोनवर चाललं होतं. पण कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची. एकीची लेकरं घरभर नाचायला लागली की दुसरीची परीक्षेला बसलेली.

यंदा दसऱ्याची सुट्टी सरली, दिवाळीची लागायची होती, तेव्हा अक्काचा फोन आला.

"मंजे, आता दोघींचीबी पोरं शाळेत हायत. मग आपण कुणाच्या सुट्टीची वाट बघायलाव?"

"पोरांना सोडून जायचं?"

"व्हय. कामून, त्यांच्याबिगर किल्ला दिसत न्हाई का तुला?"

मंगळवारी मंजुश्रीनं डबे भरले, पोरांना शाळेत सोडलं आणि किल्ल्याच्या दरवाजाशी येऊन उभी राहिली. खांद्यावर कुणाचं दप्तर नव्हतं, कमरेला कुणी लटकलेलं नव्हतं. हात कुठं ठेवावेत तेच तिला कळेना. अक्का रिक्षातून उतरली. ऑक्टोबरच्या उन्हात दोघी एकमेकींकडं बघून नुसत्याच हसत राहिल्या. शाळा सुटायला चांगले चार तास होते.

अक्कानं पदरानं तिच्या कपाळावरचा घाम टिपला आणि म्हणाली, "आधी शू करून घे. आत गेल्यावर लागली म्हणू नको."



आणि दोन लेकरांची आई असलेली मंजुश्री निमूट जाऊन आली.