बोटीसाठी लावलेला दिवा

लाल दिवा लागला. शेजारचा हिरवा थोडा लुकलुकला आणि गप्प झाला. टीव्हीवर पांढरी अक्षरं भराभर वर सरकली आणि नेहमीच्याच ओळीवर येऊन अडली.

"अरे, आज तरी नको," मृणाली यंत्राला म्हणाली.

पत्त्यांच्या कॅटाएवढा तो कॉम्प्युटर तिनेच टीव्हीखालच्या फळीवर बसवला होता. कौलांवरच्या अँटेनाने समुद्रातल्या बोटींचे सिग्नल पकडायचे आणि याने त्या बोटी टीव्हीवरच्या नकाशात दाखवायच्या, एवढंच त्याचं काम. सासरे सखाराम आणि नवरा सर्वेश पहाटे 'गुणवंती' घेऊन नाटे बंदरातून बाहेर पडले होते. दुपारी वारा भडकला, बंदरावर धोक्याचा बावटा चढला. फोन दोघांचेही लागत नव्हते. आणि याला आजच आडवं पडायचं होतं.

सासू सगुणा दाराशी उभी होती. समुद्राकडे पाठ आणि डोळे फळीवर. "हिरवा नाय लागला गो?" तिने विचारलं.

"लागेल, आई. लावतेच."

गेले काही महिने हे असंच चाललं होतं. बोट दर्यावर जायच्या दिवशी बटण दाबावं तर यंत्र बसलेलं. आधी खाऱ्या हवेला दोष देऊन झाला. मग चार्जर बदलला, वायर बदलली. मेमरी कार्डं बदलण्याचा तर नुसता सपाटा लागला. रत्नागिरीच्या दुकानदाराने सरळ सल्ला दिला, की वहिनी, नाद सोडा. सखारामने तेवढ्यात थट्टा करून घेतली होती. "तुझं यंत्र माझ्यावानीच हाय गो! घरी आलो का आडवा!" सगळे हसले होते. मृणालीनेही ते हसण्यावारी नेलं होतं.

पण हाती घेतलेलं काम तडीस न नेता ती ताटावर बसत नसे. तिने कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. फायलींची तपासणी सुरू केली. चुकांमागून चुका निघाल्या. अर्धवट लिहिलेलं, लिहिता लिहिता तुटलेलं. लॅपटॉप एकेक सांधत गेला. बाहेर माडांच्या झावळ्या कौलांवर आपटत होत्या. तरी तिने घाई केली नाही. तपासणी पुरी होऊ दिली, मग कार्ड जागेवर बसवून बटण दाबलं.

पांढरी अक्षरं सरकली. अडायच्या ओळीवर आली. पुढे गेली.

नकाशा उघडला. देवगडच्या बाजूने एक छोटा त्रिकोण सावकाश वर सरकत होता. त्याच्याजवळ नाव होतं, गुणवंती.

"येतायत, आई! बंदराकडेच येतायत!"

सगुणाने फळीवरच्या हिरव्या दिव्याला हात जोडले. टीव्हीकडे तिने बघितलंही नाही.

मृणालीला हे जरा विचित्र वाटलं. पण आता तिला दुसऱ्याच गोष्टीचा छडा लावायचा होता. कार्ड पुन्हा पुन्हा का बिघडतं? या कार्डावर यंत्राने मागच्या काही खेपांची नोंद ठेवली होती. ती उघडून बघते तर प्रत्येक वेळी नोंद मधेच तुटलेली. रीतसर बंद झाल्याची खूण कुठेच नाही. आणि तुटायच्या आधीची 'गुणवंती'ची जागा दर वेळी एकच. जेटी.

घरी आलो का आडवा.

"आई," तिने सावकाश विचारलं, "बोट आली की तुम्ही काय करता?"

"काय करनार? दिवा शांत करते." सगुणाने भिंतीवरचं बटण दाखवलं. "आधी खिडकीत तेलाचा लावायची. माज्या सासूनं शिकवलेलं. मानसं घरी आली का दिवा शांत करायचा. तसाच ठेवला तर दर्याला वाटतं, अजून कोनतरी यायचा हाय." मग जरा लाजून म्हणाली, "तेलाचा वाऱ्यान् विझायचा. तुजा नाय विझत. म्हनून आता ह्योच."

मृणालीने खिडकीकडे पाहिलं. तिथली पणती कधी गेली, हे तिला कळलंच नव्हतं. सगळ्यांनी ज्याची टिंगल केली, त्या यंत्रावर सासूने आपल्या सासूचा दिवा सोपवला होता.

"भिंतीवरचं बटण दाबलं की वीज एकदम जाते आणि तो दचकून मरतो, आई. त्याला आधी सांगावं लागतं." तिने यंत्राला जोडलेल्या जुन्या की-बोर्डवरचं एक बटण यंत्र रीतसर बंद करायला नेमून दिलं. सगुणाने आतून करंडा आणला आणि विसरायला नको म्हणून त्या बटणावर कुंकवाचं बोट टेकवलं.

उन्हं कलताना बापलेक चिंब भिजून घरात आले. सखारामने टॉवेल ओढत विचारलं, "काय, पडला का आडवा?"

"आता पडेल, रीतसर," मृणाली हसली. "आई, आली आपली माणसं. तुमच्या हातानेच दाबा."

सगुणाचं बोट कुंकवाच्या बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. ती आज पहिल्यांदाच टीव्हीकडे बघत होती. खाडीच्या तोंडाबाहेर एक त्रिकोण अजून हलत होता.

"ही कोनाची गो?"

"शिवाची."

सगुणाने बोट मागे घेतलं. खालच्या आळीतल्या शिवाची बायको गेल्या वर्षी वारली होती.

"मग ऱ्हावंदे," ती म्हणाली आणि दिव्यापुढे बसली. "त्याच्या घरी लावनारं कोन हाय?"