पाच विजय

ऑस्ट्रेलियन फुटबॉलला लंबगोल मैदान लागतं, म्हणून सिंदेवाहीजवळच्या आमच्या मुलींच्या क्लबने गावचा आटलेला तलाव साफ करून त्यात चुन्याने आखणी केली. या हंगामातले आमच्या वाट्याचे पाचही सामने तिथेच ठरले होते. शहरांतले पाचही संघ आले नाहीत. प्रत्येकाच्या पत्रात कारण एकच होतं: रस्ता वाघांच्या जंगलातून जातो, मुलींच्या जिवाला धोका आहे. नियमाप्रमाणे पाचही विजय आम्हाला मिळाले आणि गुणतक्त्यात आम्ही पहिले आलो.

एकोणीस वर्षांखालच्या राज्य संघाची यादी लागली, तेव्हा तिच्यात आमची एकही मुलगी नव्हती. आमची कर्णधार दीपिका रोज त्याच रस्त्याने सायकलवर सरावाला यायची. तिने निवड समितीच्या सरांना फोन लावला.

"सर, पहिल्या नंबरच्या टीममधून एकबी पोरगी काऊन नाई घेतली?"

"अगं, तुमचा खेळ कुणी पाहिलाच नाही. कशावरून निवडणार?"

"थे आले नाई, त आमचा काय गुन्हा?"

"गुन्हा नाही गं. धोका होता ना. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या साली माहं वय बसत नाई, सर."

सरांनी फोन ठेवला होता.

 

सराव शिबिर संपल्यावर राज्य संघाला बक्षीस म्हणून सहलीला आणलं: आमच्याच जंगलात, उघड्या जिप्सीतून, वाघ बघायला.